गुडमन नावाचं इथे कोणी राहत नाही

गेल्या मार्चमध्ये कामावर मी एक घोळ घातला. नोकरी गेली नाही, पण ऑफिसातल्या पोरींना आठवडाभर हसायला विषय मिळाला.

मी स्कॉटलंडात केअरर आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे सकाळ-संध्याकाळ जायचं, गोळ्या द्यायच्या, न्याहारी करून द्यायची, अंघोळीला मदत करायची आणि निघताना फोनवरच्या अ‍ॅपमध्ये काय केलं ते चार ओळीत लिहायचं. त्या दिवशी एका आजींकडे मी लिहिलं : ‘पॉरिज पूर्ण खाल्लं. गोळ्या घेतल्या. मि. गुडमन यांचा चष्मा पेपरशेजारी ठेवला.’

संध्याकाळच्या पाळीची मुलगी नवीन होती. तिने नोंद वाचली, फाइल बघितली. फाइलमध्ये ‘एकट्या राहतात’. मग हे मि. गुडमन कोण? तिने बिचारीने वरच्या खोल्या पाहिल्या, मागची शेड पाहिली, आणि ऑफिसला फोन लावला. ऑफिसने मला लावला. मी आमच्या गावच्या, इन्व्हरुरीच्या टेस्को सुपरमार्केटात कोथिंबीर शोधत उभी. म्हटलं, अहो, आजी स्वतःच म्हणाल्या ना, गुडमनचा चष्मा तिथे ठेव म्हणून.

आजींचं आडनाव गुडमन नाही. त्यांच्या नवऱ्याचंही नव्हतं. तो जाऊन अकरा वर्षं झालीत. आजी म्हणाल्या होत्या ‘द गुईडमन्स ग्लेसेस’. गुईडमन म्हणजे घरधनी. आमचे हे.

(आजींची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. चष्मा मात्र खरा आहे. एका काडीला गवताचे गठ्ठे बांधायची निळी नायलॉनची दोरी गुंडाळलेली, काचेवर उजवीकडे ओरखडा. रोज सकाळी तो पेपरशेजारी ठेवायचा आणि रात्री परत कपाटावर. तेही माझं काम, फक्त कागदावर नसलेलं.)

इथे येऊन मला नऊ वर्षं झाली. नवरा समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर असतो. तीन आठवडे तिकडे, तीन आठवडे घरी. तो डायसच्या हेलिपोर्टवरून उडाला की मी, मुलगा आणि बॉयलर. आम्ही राहतो त्या इन्व्हरुरीभोवतीच्या मुलखाचं नाव लिहितात गॅरिऑक आणि म्हणतात गीरी. खिडकीतून बेनाही डोंगर दिसतो, त्याचं मिदर टॅप नावाचं टोक ५१८ मीटर. म्हणजे आमच्या आंबोलीपेक्षाही बुटकं, पण इथली माणसं त्याच्याबद्दल असं बोलतात की हिमालयाने लाजावं.

आणि भाषा. मी कुडाळच्या शाळेत इंग्रजी शिकले, मुंबईत ते घासूनपुसून घेतलं, आणि इथे येऊन पहिल्या दिवशी काहीही कळलं नाही. कारण ते इंग्रजी नव्हतंच. ती स्कॉट्स, त्यातही ईशान्येची डोरिक बोली. ‘कसं काय?’ला ‘फिट लाइक?’. नाहीतर ‘फूज यर डूज?’, म्हणजे शब्दशः ‘तुझी कबुतरं कशी आहेत?’, आणि त्याला उत्तर ‘आय पेकिन’, टिपताहेत दाणे. मुलगा म्हणजे लून, मुलगी म्हणजे क्वाइन. मी पंचेचाळिशीची, तरी आजींसाठी क्वाइनच. स्कॉट्स बोलणारे २०२२ च्या जनगणनेत सुमारे १५ लाख निघाले, आणि २०२५ साली तिला कायद्याने अधिकृत भाषेचा दर्जाही मिळाला. पण आजींना शाळेत या बोलीसाठी पट्टी खावी लागलेली. त्यामुळे डॉक्टर आले की त्या अजूनही इंग्रजीत शिरतात, अगदी आमची आई तहसीलदार कचेरीत मालवणी गिळून पुस्तकी बोलते तशी. माझ्याशी डोरिक. हा मान आहे, हे मला कळायला दोन वर्षं लागली.

तर गुडमन. लिहिताना गुडमन, गिडमन, कसंही लिहितात. दक्षिणेकडे ‘गिड’ म्हणतात, आमच्याकडे ‘गुईड’. फोड केली तर ‘चांगला माणूस’. पण त्यात चांगुलपणा शोधायला जाऊ नये. आपल्याकडे ‘सद्गृहस्थ’ म्हटल्यावर जेवढा सद् उरतो तेवढाच. घराचा कर्ता, शेत कसणारा, बायकोचा नवरा, खानावळ चालवणारा, सगळे गुडमन. त्याची बायको गुडवाइफ. आणि गंमत म्हणजे लग्नाने जोडलेली सगळीच नाती स्कॉट्समध्ये ‘चांगली’ असतात. गुईडब्रदर म्हणजे मेहुणा किंवा दीर, गुईडसिस्टर म्हणजे नणंद, जाऊ, मेहुणी, काय असेल ते. आणि गुईडमिदर म्हणजे सासू. मी हे माझ्या जावेला फोनवर सांगितलं तर तिकडून बराच वेळ आवाजच नाही.

स्कॉट्सचा मोठा शब्दकोश इंटरनेटवर फुकट आहे. दोन प्रचंड कोश, एक जुन्या भाषेचा नि एक १७०० नंतरचा, एकत्र करून ठेवलेत. घोळानंतर मी रात्री तो उघडला आणि साडेबारापर्यंत बसले. नवरा घरी नसल्याचा हा एक फायदा.

तिथून धागा लागला तो जमिनीचा. जुन्या स्कॉटलंडात जमीन राजाकडून थेट मिळालेली असेल तर माणूस ‘लेअर्ड’. पण तीच जमीन राजाच्या एखाद्या सरदाराकडून मिळालेली असेल, तर तो नुसता ‘गुडमन’. मग ती कितीही मोठी असो आणि देणारा कितीही खानदानी असो. सर जॉर्ज मॅकेन्झी नावाच्या नामांकित वकिलाने १६८० मध्ये हे लिहून ठेवलंय, आणि ही रीत नुकतीच मागे पडली असंही म्हटलंय. म्हणजे गुडमन हा आपल्या अंगणात राजा, पण कागदावर कुणाच्या तरी खालचा. नावापुढे त्याच्या शेताचं नाव लागायचं, अमक्या ठिकाणचा गुडमन. या भागात आजही शेतकऱ्याला त्याच्या शेताच्या नावाने हाक मारतात. आजींचा नवरा बाजारात त्याच्या आडनावाने कुणालाच माहीत नव्हता.

हे वाचून मला परकं काहीच वाटलं नाही. माझं माहेर खोताच्या कुळांपैकी. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, पण माझ्या आजोबांच्या बोलण्यातून खोत काही गेला नाही. ‘आपण धनी, पण धन्याचे धनी वेगळे,’ असं ते म्हणायचे.

एप्रिलमध्ये नवरा घरी आला तेव्हा मी त्याला नि मुलाला घेऊन स्टर्लिंगला गेले. दोन-सव्वादोन तासांचा रस्ता. मुलाला किल्ला बघायचा होता, मला किल्ल्यामागचा रस्ता. किल्ला उंच काळ्या कातळावर आहे. त्याच्या मागच्या अंगाने एक उतार खाली जातो, बॅलनगीक. एका बाजूला कडा, खाली दफनभूमी, गवतात ससे. बघण्यासारखं काहीही नाही. नवरा म्हणाला, यासाठी डिझेल जाळलं?

यासाठीच. कारण स्कॉटलंडचा राजा पाचवा जेम्स (राज्य १५१३ ते १५४२) वेषांतर करून याच वाटेने रयतेत फिरायला उतरायचा अशा कथा आहेत, आणि कोणी विचारलं तर नाव सांगायचा ‘बॅलनगीकचा गुडमन’. एवढा मोठा राजवाडा बांधणारा माणूस, आणि खोटं नाव घ्यायचं तर घेतलं काय? सरदार नाही, व्यापारी नाही. आडवाटेवरचा एक घरधनी. मॅकेन्झीचा नियम लावला तर हा विनोद अजून खुलतो. ज्याच्या वर कोणीच नाही, त्याने कुणाच्या तरी खालचं नाव घेतलं.

किस्से दंतकथांचे आहेत, पण स्टर्लिंगच्या आसपास लोक ते काल घडल्यासारखे सांगतात. पश्चिमेला किपन नावाचं गाव आहे. तिथल्या बुकॅनन नावाच्या जमीनदाराने राजाकडे चाललेला माल वाटेत काढून घेतला आणि वर निरोप दिला, की तो असेल स्कॉटलंडचा राजा, किपनचा राजा मी. जेम्स त्याच्या दारात गेला. पहारेकऱ्याने अडवलं, मालक जेवताहेत म्हणाला. जेम्स म्हणाला, आत जाऊन सांग, बॅलनगीकचा गुडमन किपनच्या राजाकडे जेवायला आलाय. बुकॅनन काय ते समजला आणि धावत बाहेर आला. दुसरा किस्सा एडिनबराजवळच्या क्रॅमंड पुलावरचा. वेषांतर केलेल्या राजाला काही लोकांनी घेरलं, आणि जॉक हाउइसन नावाचा मळणी करणारा कुळवाडी हातातलं मळणीचं दांडकं घेऊन मदतीला धावला. मग राजाला हात धुवायला पाणी दिलं. बक्षीस म्हणून त्याला ब्रेहेडची ती जमीन मिळाली. अट एकच : राजा इकडून जाईल तेव्हा हात धुवायला पाणी आणि पंचा द्यायचा. ही दंतकथा म्हणून सोडून दिली असती, पण १८२२ मध्ये चौथा जॉर्ज एडिनबराला आला तेव्हा मेजवानीत त्या घराण्याच्या वंशजाने खरोखर चांदीचं भांडं पुढे करून राजाचे हात धुवायला पाणी दिलं. आपल्याकडे देवळातले मान असेच चालतात. पहिला नारळ कोणाचा यावरून आमच्या वाडीत दोन घरं पस्तीस वर्षं बोलत नाहीत.

जेम्स तिशीतच वारला. मुलगी तेव्हा सहा दिवसांची. ती मेरी, स्कॉट्सची राणी. पण तिची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, सोडा.

एडिनबराच्या जुन्या तुरुंगाच्या, टोलबूथच्या, मुख्य जेलरलाही ‘टोलबूथचा गुडमन’ म्हणत. तुरुंग १८१७ मध्ये पाडला. त्या जागी रस्त्यात दगडांचं हृदय बसवलंय आणि येणारेजाणारे त्यावर थुंकतात. आम्हीही एकदा थुंकलो आहोत, मुलगा तर तीनदा.

पण मी थांबले ते दुसऱ्याच अर्थावर. गुडमन म्हणजे सैतान.

शेताचा एक तुकडा नांगरायचा नाही, पेरायचा नाही, त्यातला दगडही हलवायचा नाही. तो ‘गुडमनचा तुकडा’. गुडमन म्हणजे इथे तो, ज्याचं नाव घ्यायचं नाही. त्याचा वाटा त्याला काढून दिला की गुरंढोरं आणि पीक यांना तो हात लावत नाही. चर्चला हे अर्थातच खपलं नाही. १५९४ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चच्या महासभेत तक्रार नोंदवली गेली, की देशात ठिकठिकाणी ‘गुडमनचा तुकडा’ या नावाखाली सैतानाला वाहिलेली जमीन पडीक ठेवतात, ही भयंकर अंधश्रद्धा आहे. आणि त्या तक्रारीत ज्या मुलखाचं नाव घेतलंय, तो मुलूख गॅरिऑक. गीरी. आमचं! मी ज्या शेतांच्या कडेने रोज सकाळी पावणेसातला गाडी हाकते तोच.

मला आमची देवराई आठवली. वाडीच्या वरच्या अंगाला, काटकीसुद्धा उचलायची नाही. आणि वाटेतलं ते एक वळण, जिथे माझी आजी माझा हात घट्ट धरायची. ‘थंय बघू नको, थंय जागेवालो आसा.’ देवचार हा शब्द ती तिन्हीसांजेनंतर तोंडातून काढायची नाही. सापाला लांबडं, अंगावर फोड उठवणाऱ्या रोगाला देवी, देवचाराला जागेवालो. ज्याची भीती, त्याला मानाचं नाव. स्कॉटलंडात पऱ्यांनाही अशाच धाकाने ‘चांगले शेजारी’ म्हणत.

मी आजींना विचारलं, तुमच्या शेतात होता का असा तुकडा? ओट्सचं बिस्किट चहात बुडवत त्या म्हणाल्या, तसलं काही नाही. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, ते ओढ्याकडचं कोपऱ्यातलं त्रिकोणी आहे ना, तिथे सासऱ्यांनी कधी नांगर घातला नाही, आणि गुईडमननेही नाही. ट्रॅक्टर वळत नाही तिथे.

मी खिडकीतून बघितलं. माझी कार वळेल एवढी तरी जागा होती. पण मी कशाला बोलू.

आणि मग मला तेच तेच डोक्यात येत राहिलं, की नवऱ्यासाठी आणि सैतानासाठी एकच शब्द, आणि त्याच्या मुळाशी एकच गोष्ट : नाव घ्यायचं नाही. माझ्या आईने बाबांचं नाव कधी घेतलं नाही. ‘ह्यांका चाय व्हयी काय इचार’, बस्स. बाबा समोरच बसलेले असले तरी. बँकेत साहेबाने नवऱ्याचं नाव विचारलं की आई माझ्याकडे बघायची आणि मी सांगायचे. वय वर्षं सात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर घरातली ज्येष्ठ बाई कुटुंबप्रमुख झाली. आमच्या कार्डावर आईचं नाव वर आलं तेव्हा ती घाबरली होती. बाबा म्हणाले, आता तू घरधनी, माका चाय दी. चहा अर्थात तिनेच केला.

इथल्या जनगणनेतही १८५१ पासून घराच्या यादीत पहिल्या माणसापुढे ‘प्रमुख’ लिहायचे आणि बाकीच्यांपुढे त्याच्याशी नातं. आता तो शब्द गेला. २०२२ चा फॉर्म मी भरला तेव्हा नवरा समुद्रात होता. पहिल्या क्रमांकावर मी माझं नाव घातलं. कोणी विचारलं नाही.

गुडमन हे आडनावही आहे म्हणून तर माझा घोळ झाला. इंग्लंड-अमेरिकेत ते बरंच दिसतं. त्यातली काही घराणी ज्यू, मूळची गुटमन. हुद्द्याचं आडनाव व्हायचं हे आपल्याला नवीन नाही. पाटील, कुलकर्णी, खोत. इथे स्ट्युअर्ट म्हणजे कारभारी, आणि ते तर राजघराणं झालं. ग्रीव्ह म्हणजे शेतावरचा मुकादम, डेम्पस्टर म्हणजे न्यायसभेत शिक्षा उच्चारून दाखवणारा, दरवानाचा झाला ड्युरवर्ड. लेअर्ड आडनावाचा आमचा प्लंबर आहे, जमीन नाही, व्हॅन आहे.

मात्र एका बाबतीत इथल्या बायका आपल्या पुढे होत्या. जुन्या स्कॉटिश रीतीत लग्न झाल्यावरही बाईचं कायद्यातलं आडनाव माहेरचंच राहायचं. आजींना मे महिन्यात नवऱ्याच्या थडग्यावर नेलं तेव्हा बघितलं. करडा ग्रॅनाइट. त्यावर नवऱ्याचं नाव, खाली ‘शेतकरी’ आणि शेताचं नाव, आणि त्याखाली ‘यांचा पती’ म्हणून आजींचं पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट. त्याखाली हातभर दगड मोकळा. आजींनी ती मोकळी जागा हातरुमालाने पुसली, जणू ओटा पुसताहेत.

मी गाडीत म्हटलं, इथे गुईडमन लिहिलेलं नाही. आजी म्हणाल्या, तो घरातला शब्द आहे.

घरी येऊन चहा केला. आजींनी विचारलं, तू तुझ्या माणसाला काय म्हणतेस? मी सांगितलं, नावाने हाक मारते. पण आई व्हिडिओ कॉलवर असली की आपोआप ‘हे’ होतं. मग उखाण्याचं सांगितलं. की आमच्याकडे बाई वर्षभर नवऱ्याचं नाव घेत नाही, पण लग्नात, हळदीकुंकवाला सगळ्याजणी अडवून धरतात आणि नाव घेतल्याशिवाय सोडत नाहीत. आणि घ्यायचं ते यमकात. त्यांना ते फारच आवडलं. म्हणाल्या, घे. मी घेतलं, मराठीत, चांदीच्या ताटातलं जुनंच. त्यांना शब्द कळला नाही, पण नाव कुठे आलं ते बरोबर ओळखलं आणि टेबलावर थाप मारली.

म्हटलं, आता तुम्ही.

त्यांनी दोरी बांधलेला चष्मा उचलला, काडी उघडली, मिटली. त्यांच्याकडे मी तीन वर्षं जाते. तोवर त्यांच्या तोंडून फक्त गुईडमन ऐकलं होतं. त्यांनी नाव घेतलं. यमक वगैरे काही नाही. दोनच अक्षरं, आणि ‘र’ असा लांबवला की डोरिक येत नसणाऱ्याला जमणार नाही.

ते मी अ‍ॅपमध्ये लिहिलं नाही, इथेही लिहीत नाही. नोंद केली : पॉरिज पूर्ण खाल्लं, चहा दोनदा.